गाठ गेली, तरी आग का होते?

शेक घेतलेल्या कॅन्सर रुग्णांच्या नसांचं दुखणं: कारणं, ओळख आणि उपाय

स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, केमो झाली, शेकही (रेडिएशन) घेऊन झाला. दोन-तीन वर्षं फेरतपासण्या चांगल्या आल्या, घरचे निर्धास्त झाले. आणि मग त्याच बाजूच्या हाताच्या अंगठ्यात मुंग्या यायला लागल्या. काही महिन्यांत मुंग्यांची आग झाली. भाकरी थापताना बोटांना पिठाचा अंदाज येईना, ब्लाउजचं हूक लागेना, रात्री पदराचा काठ हातावर आला तरी चटका बसल्यासारखं होऊ लागलं. मेडिकलमधून आणलेल्या गोळीने डोकं दुखायचं थांबतं, ही आग मात्र तशीच राहते.

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी ओटीपोटाला शेक घेतलेल्या एखादीला अशीच आग मांडीत आणि तळपायात होते. तोंडाच्या कॅन्सरचा शेक घेतलेला माणूस जीभ जळते, गालावर करंट बसतो, कानामागून मानेपर्यंत सुया टोचतात असं सांगतो. घरचं उत्तर बहुतेक वेळा ठरलेलं असतं: जीव वाचला ना, मग एवढं सोसायला हवं.

प्रश्न तीन आहेत. गाठ गेली तर दुखतं काय? त्रास शेकानंतर इतक्या उशिरा का सुरू झाला? आणि नेहमीची गोळी का लागू पडत नाही? तिन्हींचं उत्तर एकाच ठिकाणी आहे. इथे दुखण्याची खबर मेंदूपर्यंत नेणारी नसच दुखावलेली आहे. हा वेगळा आजार आहे, त्याची तपासणी वेगळी आहे आणि उपचारही वेगळा आहे. तो सोसायचा नसतो, सांगायचा असतो.

दुखण्याच्या दोन जाती

बोट दारात चेंगरलं की तिथल्या पेशी जखमी होतात, सूज येते, आसपासचे मज्जातंतू ती खबर मज्जारज्जूमार्गे मेंदूला देतात. जखम भरली की खबर थांबते. पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या मुख्यतः अशा दुखण्यावर चालतात. सूज आणि दाह वाढवणारी रसायनं तयार होण्यालाच यातल्या अनेक गोळ्या अटकाव करतात.

दुसऱ्या जातीत जखम कुठेच दिसत नाही. मज्जातंतूलाच इजा झालेली असते आणि तो कारण नसताना खबरा पाठवत राहतो. तिथे सूज हे मूळ कारण नसल्यामुळे सुजेची गोळी फारशी उपयोगी पडत नाही. या दुखण्याची भाषाही निराळी असते. साधं दुखणं ठणकतं, ठसठसतं, आवळतं. नसेचं दुखणं जळतं, झिणझिणतं, टोचतं, करंट मारतं, आणि त्याच जागी बधिरपणाही असतो. ‘हात बधिर आहे आणि तोच जळतोय’ हे ऐकणाऱ्याला विसंगत वाटतं, पण नसेच्या दुखण्यात हे नेहमीचं आहे. स्पर्शाची खबर नेणारे तंतू गळाल्यामुळे बधिरपणा येतो आणि उरलेले दुखावलेले तंतू चुकीच्या खबरा देत असल्यामुळे आग होते.

डॉक्टर हे दुखणं साध्या साधनांनी ओळखतात. कापसाचा बोळा फिरवतात, टाचणीचं टोक टेकवतात, थंड वस्तू लावतात आणि दोन्ही बाजूंना सारखंच जाणवतं का ते विचारतात. जगभर वापरली जाणारी दहा मुद्द्यांची एक चाचणीही आहे. आग, करंट, मुंग्या, सुया, बधिरपणा, खाज, हलक्या स्पर्शाने दुखणं अशा दहापैकी चार किंवा जास्त गोष्टी जुळल्या, तर दुखणं नसेचं असण्याची शक्यता मोठी. म्हणूनच ‘खूप दुखतं’ एवढंच सांगून थांबू नये. कसं दुखतं, यावर औषधाची निवड बरीच अवलंबून असते.

शेकाने नसेला काय होतं?

शेकात क्ष-किरणांसारखे जोरकस किरण गाठीच्या जागी सोडतात. त्यांनी पेशींमधला डीएनए तुटतो. भराभर वाढणाऱ्या कॅन्सरच्या पेशींना ती तूट नीट सांधता येत नाही आणि त्या मरतात. निरोगी पेशी बरीचशी दुरुस्ती करून घेतात. त्यांना तेवढा अवधी मिळावा म्हणूनच एकूण मात्रा थोडी थोडी करून अनेक दिवसांत देतात. ही मात्रा ‘ग्रे’ या एककात मोजतात. तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरला साधारण ६६ ते ७० ग्रे सहा-सात आठवड्यांत दिले जातात. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला बाहेरून ४५ ते ५० ग्रे आणि त्यावर आतून दिला जाणारा शेक असतो. स्तनाच्या कॅन्सरला पूर्वी ५० ग्रे पाच आठवड्यांत देत, आता बऱ्याच ठिकाणी ४० ग्रे तीन आठवड्यांत देतात.

किरणांच्या वाटेत किंवा वाटेच्या कडेला मज्जातंतूंची मोठी जाळी येतात. मानेतून निघून काखेतून हातात जाणारं एक जाळं आहे, कमरेतून आणि ओटीपोटातून पायांत उतरणारं दुसरं. चेहरा, जीभ आणि मान यांच्या नसा तोंडाच्या शेकाच्या आसपासच असतात.

मज्जातंतूंच्या पेशी वाढत्या पेशींसारख्या विभागत नाहीत, त्यामुळे शेकाने त्या लगेच मरत नाहीत. खरा घाव दोन ठिकाणी बसतो. नसेला रक्त पुरवणाऱ्या केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या हळूहळू अरुंद होतात आणि नसेचं पोषण कमी होतं. दुसरीकडे, नसेच्या आत आणि भोवती चिवट, तंतुमय ऊती वाढत जाते. तिला फायब्रोसिस म्हणतात.

सोलापुरात मागाचं काम पाहिलेल्याला हे चटकन समजेल. ताण्याच्या सुताला सायझिंगमध्ये खळ देतात. खळ बेताची असेल तर प्रत्येक धागा सुटा राहतो आणि माग चालताना शेजारच्या धाग्यावरून सहज सरकतो. खळ जास्त होऊन वाळली की धागे एकमेकांना चिकटतात, ताठ होतात, आणि माग चालू झाला की ताण पडून तुटायला लागतात. आपण हात वर करतो, मान वळवतो तेव्हा नसही आजूबाजूच्या मांसातून अशीच सरकत असते. फायब्रोसिसने ती जखडली गेली की प्रत्येक हालचालीत ताणली जाते, आतले तंतू आवळले जातात, त्यांच्यावरचं चरबीयुक्त आवरण विरळ होतं आणि शेवटी काही तंतू गळून जातात.

ही ऊती महिन्यांनी, वर्षांनी वाढत राहते. म्हणून त्रास उशिरा सुरू होतो. काहींना शेकानंतर सहा महिन्यांत, अनेकांना काही वर्षांनी, तर क्वचित दहा वर्षांनंतरही.

सगळाच त्रास कायमचा मात्र नसतो. मानेतल्या मज्जारज्जूवर शेकाची झळ पोचली असेल तर शेकानंतर दोन ते सहा महिन्यांनी मान खाली घालताच पाठीतून करंट उतरल्यासारखं होतं. ते बहुतेकांत काही महिन्यांत आपोआप थांबतं.

दुखावलेली नस खोटी खबर कशी देते?

मज्जातंतूच्या पडद्यावर सोडियमचे कण आत घेणारी सूक्ष्म दारं असतात. ती उघडली की विजेची लहर उठते आणि खबर पुढे सरकते. इजा झालेल्या जागी ही दारं जास्त संख्येने गोळा होतात आणि बाहेरून काही न लागताच लहरी उठवू लागतात. ‘बसल्या बसल्या करंट मारतो’ याचा अर्थ हा.

अशा खबरा महिनोन्‌महिने येत राहिल्या की मज्जारज्जूतल्या पुढच्या पेशी हळव्या होतात. स्पर्शाची साधी खबरही त्या दुखण्याची खबर म्हणून वर पाठवतात. पदर लागून आग होते ती या टप्प्यावर. दुखणं जितके दिवस मुकाट सोसावं तितका हा हळवेपणा मुरण्याचा धोका वाढतो, म्हणून उपचार लवकर सुरू करण्याला महत्त्व आहे.

सोलापूर जिल्ह्यात हे का जाणून घ्यायचं?

ग्रामीण भागातल्या कॅन्सरची पद्धतशीर नोंद ठेवण्याचं देशातलं पहिलं काम सोलापूर जिल्ह्यात झालं. बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलमध्ये १९८७ साली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतल्या गावांत जाऊन माणसं नोंदी घेऊ लागली. बायकांमध्ये गर्भाशयमुखाचा कॅन्सर सर्वाधिक असल्याचं या नोंदींतून दिसलं, आणि अनेक जणी आजार पुढे गेल्यावरच दवाखान्यात येत असल्याचंही. पुढे डॉ. भगवान नेने आणि टाटा मेमोरियलचे सहकारी यांनी तेव्हाच्या उस्मानाबाद, आजच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांवर मोठा अभ्यास केला. त्याचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. एकदाच केलेल्या एचपीव्ही विषाणूच्या तपासणीने या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले.

नसेच्या दुखण्याशी याचा थेट संबंध आहे. गर्भाशयमुखातला बदल कॅन्सर होण्याआधीच सापडला तर छोट्या उपचाराने भागतं, ओटीपोटाला शेक लागतच नाही आणि पायांच्या नसा शाबूत राहतात. तंबाखू, गुटखा आणि मिश्री सोडणाऱ्याच्या तोंडाच्या नसांबद्दलही हेच म्हणता येईल.

शेकाची भीती मात्र कुणी मनात धरू नये. फार पूर्वी काही ठिकाणी रोजची मात्रा आजच्याहूनही मोठी असे, दोन क्षेत्रं एकमेकांवर येत, तेव्हा हाताच्या नसांचा त्रास बराच जास्त दिसे. आता सीटी स्कॅनवर आखणी करून मात्रा बेतली जाते आणि कायमची इजा थोड्यांनाच होते. शेक नाकारल्याने होणारं नुकसान त्याहून कितीतरी मोठं आहे.

आधी एक शंका फेडून घ्यायची

नवीन दुखणं सुरू झालं की पहिला प्रश्न हा की कॅन्सर परत तर आला नाही ना. नसेवर गाठ दाबत असेल तरीही अशीच आग होते. अनुभवी डॉक्टरांना काही खुणा मदत करतात. शेकाच्या इजेत बहुधा मुंग्या आणि बधिरपणा आधी येतो, दुखणं सावकाश वाढतं, आणि स्नायूंत आपोआप बारीक थरथर दिसते. गाठ असेल तर तीव्र दुखणं सुरुवातीपासून असतं आणि झपाट्याने वाढतं. हाताच्या बाबतीत गाठीचा त्रास अनेकदा करंगळीच्या बाजूने सुरू होतो. पण या खुणा पक्क्या नाहीत. एमआरआय, गरज पडल्यास पेट स्कॅन आणि नसांची विद्युत तपासणी केल्यावरच निर्णय घ्यावा लागतो.

आणखी दोन कारणं वेगळी काढायची असतात. काखेतल्या गाठी काढताना दंडाच्या आतल्या बाजूची नस दुखावली तर तिथे बधिरपणा आणि आग राहते. ती ऑपरेशनची देणगी आहे, शेकाची नव्हे. पॅक्लिटॅक्सेल, सिस्प्लॅटिन यांसारख्या केमोच्या औषधांनी होणारा त्रास दोन्ही पायांच्या आणि हातांच्या टोकांपासून, सारखाच सुरू होतो. मधुमेह असेल तर त्याचाही वाटा असतो. एकाच रुग्णात यातली दोन-तीन कारणं एकत्र असू शकतात.

काही लक्षणांत मात्र वाट पाहायची नाही. पायांतली ताकद भराभर कमी होणं, लघवी किंवा संडासवरचा ताबा जाणं, बैठकीची जागा बधिर होणं, आडवं झाल्यावर वाढणारं पाठीचं नवं दुखणं: यापैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात पोचायचं. मज्जारज्जूवर दाब आलेला असू शकतो, आणि तासांचा उशीर पाय कायमचे घालवू शकतो.

औषधं कशी निवडतात?

नसेच्या दुखण्याची औषधं ऐकून अनेक जण बिचकतात. चिठ्ठीवर नैराश्याची किंवा फिटची गोळी दिसते आणि रुग्णाला वाटतं, डॉक्टरांना माझं दुखणं मनाचं वाटतंय. तसं नाही. याच गोळ्या मज्जातंतूंच्या खोट्या लहरी शांत करतात.

अमिट्रिप्टिलीन आणि ड्युलोक्सेटीन मेंदूकडून खाली मज्जारज्जूकडे येणारा दुखणं दाबणारा प्रवाह वाढवतात. गॅबापेंटिन आणि प्रीगाबालिन मज्जातंतूच्या टोकांतली कॅल्शियमची दारं आवरतात, त्यामुळे पुढच्या पेशीला जाणारी खबर कमी होते. चेहऱ्यावर क्षणाक्षणाला मारणाऱ्या करंटसाठी काहींना कार्बामाझेपिन देतात. छोट्या जागेपुरती आग असेल तर लिडोकेनचा पॅच कामाला येतो.

निवड रुग्ण पाहून होते. तोंडाला शेक घेतलेल्याच्या लाळग्रंथी आधीच मंदावलेल्या असतात, तोंड कोरडं असतं आणि कडक भाकरी गिळवत नाही. अमिट्रिप्टिलीनने कोरडेपणा आणखी वाढतो, म्हणून अशा वेळी दुसऱ्या औषधाचा विचार होतो. हृदयाचे ठोके अनियमित असतील, काचबिंदू असेल किंवा लघवी अडत असेल तरी ते जपून वापरतात. किडनी कमजोर असेल तर गॅबापेंटिन आणि प्रीगाबालिनची मात्रा कमी ठेवावी लागते. सुरुवात अगदी थोडक्याने होते. अमिट्रिप्टिलीन बहुधा रात्री १० मिलिग्रॅमपासून, ड्युलोक्सेटीन ३० मिलिग्रॅमपासून. पहिल्या आठवड्यात झापड आणि चक्कर येते, ती बहुतेकांची कमी होते. गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात. चार दिवसांत फरक नाही म्हणून गोळी टाकून देणं ही नेहमी घडणारी गोष्ट आहे, आणि चांगला उपचार तिथेच फसतो. चालू गोळी एकदम बंद करणंही धोक्याचं असतं.

अपेक्षा स्पष्ट असाव्यात. दुखणं पूर्ण जाणं क्वचित घडतं. निम्म्याने कमी झालं, रात्रीची झोप लागली, कामाला हात लागला, तर औषध यशस्वी. एका गोळीने पुरेसा गुण आला नाही तर डॉक्टर दुसरी देतात किंवा दोन थोड्या थोड्या मात्रेत एकत्र देतात.

मॉर्फीनची भीती

तीव्र दुखण्यात ट्रॅमाडॉल किंवा मॉर्फीनची जोड लागते. कॅन्सरच्या दुखण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली जी पायरी-पायरीची पद्धत सांगितली, तिच्या वरच्या पायरीवर मॉर्फीन आहे. भारतात १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यामुळे दवाखान्यांना ते ठेवण्यासाठी अनेक परवाने लागत. २०१४ च्या दुरुस्तीने मॉर्फीन, फेन्टॅनिल, मेथाडोन यांसह सहा औषधं ‘आवश्यक’ ठरवली गेली आणि मान्यताप्राप्त संस्थांसाठी देशभर एकसारखे नियम आले.

मॉर्फीन दिलं म्हणजे आता शेवट जवळ आला, असं नसतं. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, मोजून, वेळेवर घेतलेलं मॉर्फीन अनेकांना पुन्हा चालतं-फिरतं करतं. त्याने बद्धकोष्ठ जवळजवळ हमखास होतं, म्हणून पहिल्या दिवसापासून पोट साफ करणारं औषध सोबत लागतं. नसेच्या दुखण्यावर ते एकट्याने अर्धवट चालतं, त्यामुळे वर सांगितलेल्या गोळ्याही चालू ठेवतात.

घरात काय करायचं?

बधिर त्वचेला गरम-थंड कळत नाही. म्हणून त्या जागी गरम पाण्याची पिशवी, तापवलेली वाळू, गरम तेलाचं मालिश यातलं काही करू नये. अंघोळीचं पाणी चांगल्या हाताने किंवा कोपराने पाहून घ्यावं. पाय बधिर असेल तर उन्हाळ्यात तापलेल्या डांबरी रस्त्यावर अनवाणी पाऊल टाकू नये. पंढरीच्या वारीला किंवा सिद्धरामेश्वरांच्या दर्शनाला पायी जाताना मऊ चप्पल वापरावी आणि रात्री दिव्याखाली दोन्ही तळवे पाहावेत. फोड आलेला पाय दुखत नाही, हाच त्यातला धोका.

हाताची नस दुखावली असेल तर भरलेली घागर, सिलिंडर, पोतं त्या हाताने उचलू नये. झटका देऊन नस मोकळी करून देतो म्हणणाऱ्याकडे जाऊ नये, जखडलेली नस झटक्याने आणखी दुखावू शकते. फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने हलका, रोजचा व्यायाम करावा, म्हणजे सांधे आखडत नाहीत आणि उरलेले स्नायू टिकतात. विडी वळणाऱ्या बाईचा हात तासन्‌तास एकाच ठेवणीत असतो. तेंदूचं पान कापताना कात्री निसटू लागली, पानावरची पकड सैल झाली, तर ही खूण पुढच्या भेटीत मुद्दाम सांगावी. दर अर्ध्या तासाने खांदे सोडून बसण्याची जागा बदलावी.

व्हिटॅमिन बी-१२ ची इंजेक्शनं सर्रास दिली जातात. रक्तात त्याची कमतरता असेल तर ती आवश्यक आहेत, नसेल तर शेकाने दुखावलेली नस त्यांनी भरून येत नाही. दाबाखालचा ऑक्सिजन या महागड्या उपचाराने हाताच्या नसांना फायदा झाल्याचं काळजीपूर्वक केलेल्या चाचणीत दिसलं नाही. कर्ज काढून अशा उपचारांच्या मागे लागू नये.

फेरतपासणीला जाताना

फेरतपासणीत वेळ कमी असतो आणि सगळ्यांचं लक्ष गाठीकडे असतं. म्हणून घरून तयारी करून जावं. वहीच्या एका पानावर रोज रात्री लिहावं: आज दुखणं रुपयात किती आणे होतं, कशाने वाढलं, झोप किती लागली. कागदावर शरीराचं साधं चित्र काढून आग कुठे आणि बधिरपणा कुठे ते रंगवावं. शेकाचं जुनं कार्ड, म्हणजे किती ग्रे, किती दिवस, कोणत्या भागाला, ते सोबत न्यावं. चालू गोळ्यांची पाकिटंही न्यावीत. बार्शीच्या हॉस्पिटलपासून सोलापूरच्या छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयापर्यंत कुठेही गेलात तरी हा कागद पाहून डॉक्टरांचं निम्मं काम होतं.

सोबत जाणाऱ्या लेकाने किंवा सुनेने आपल्याकडून एक प्रश्न विचारावा: ‘डॉक्टर, रिपोर्ट चांगला आहे, पण आईला रात्रभर आग होते. त्यावर काय करता येईल?’ अनेक बायका स्वतःसाठी हा प्रश्न विचारत नाहीत.

> थोडक्यात
>
> - शेकानंतर महिन्यांनी किंवा वर्षांनी आग, करंट, मुंग्या, बधिरपणा सुरू झाला तर ते नसेचं दुखणं असू शकतं.
> - कॅन्सर परतलेला नाही याची आधी तपासणीने खात्री करून घ्या.
> - पायांतली ताकद जाणं किंवा लघवीवरचा ताबा जाणं: त्याच दिवशी दवाखाना.
> - नेहमीची वेदनाशामक गोळी इथे फारशी चालत नाही. नसेची औषधं वेगळी असतात. त्यांना दोन ते चार आठवडे द्या, स्वतःहून चालू किंवा बंद करू नका.
> - मॉर्फीन देखरेखीखाली सुरक्षित आहे. बद्धकोष्ठाचं औषध सोबत घ्या.
> - बधिर भागाला शेकू नका, झटके देऊ नका, तळपाय रोज पाहा.
> - दुखणं किती आहे यासोबत ते कसं आहे, हे डॉक्टरांना सांगा.